मेळाव्याआधीचे आकडे : प्लेसमेंट सेलचे प्रश्न आणि उत्तरं

महाविद्यालयांचे प्लेसमेंट सेल आणि विद्यापीठांची रोजगार मार्गदर्शन केंद्रं दरवर्षी मेळावे, कंपन्यांच्या भेटी, माजी विद्यार्थ्यांची व्याख्यानं घेतात. प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल होतो, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषाच्या फायलीत लागतो आणि तिथेच राहतो. पुढच्या वर्षीचा मेळावा पुन्हा अंदाजावर ठरतो. हातातल्या आकड्यांवरून आधी नियोजन आणि मग प्रसिद्धी कशी करायची, याबद्दल आलेले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमचं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. फेब्रुवारीत रोजगार मेळावा होतो. नोंदणी नऊशेच्या घरात जाते, प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास मुलं येतात आणि नोकरीवर रुजू होणारी अगदी थोडी. प्राचार्यांचं म्हणणं, प्रसिद्धी वाढवा. नेमकं काय वाढवायचं?
– प्लेसमेंट समन्वयक, नाशिक जिल्हा

उत्तर : प्रसिद्धीला हात घालण्याआधी गळती कुठे होते ते शोधा. मेळाव्याचे पाच टप्पे असतात : नोंदणी, हजेरी, मुलाखत, निवड आणि रुजू होणं. बहुतेक अहवालांत पहिला आणि चौथा टप्पा असतो, कारण ते आकडे मोठे दिसतात. मधले दोन आणि शेवटचा नसेल, तर त्या अहवालावरून काहीच ठरवता येत नाही.

समजा, तुमचे आकडे असे आहेत : नोंदणी ९००, हजर ३२०, मुलाखत दिलेले २९०, निवड ८५, रुजू १२. आता प्रत्येक टप्प्याला त्याच्या आधीच्या टप्प्याने भागा. हजेरी ३६ टक्के, मुलाखत ९१ टक्के, निवड २९ टक्के, रुजू १४ टक्के. मुलाखतीपर्यंतची व्यवस्था उत्तम आहे आणि निवडीचं प्रमाणही वाईट नाही. मोठी गळती दोन ठिकाणी आहे, नोंदणी ते हजेरी आणि निवड ते रुजू. प्रसिद्धी करून ३०० नोंदण्या वाढवल्या, तर याच दराने रुजू होणारी मुलं चारने वाढतील. तेवढ्याच मेहनतीत रुजू होण्याचं प्रमाण १४ वरून २८ टक्क्यांवर नेलं, तर ती बाराने वाढतील. कामाचा क्रम हा हिशेबच सांगतो.

निवड होऊनही मूल का जात नाही, हे आपण त्याच्यावर ढकलतो. ‘आमच्या मुलांना घर सोडायचं नसतं’ हे वाक्य प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येतं. खरं कारण बहुधा कंपनीने मेळाव्याआधी न सांगितलेल्या गोष्टींत असतं. म्हणून कंपनीला पाठवायच्या फॉर्ममध्ये सहा रकाने सक्तीचे ठेवा : सगळी कपात होऊन हातात येणारा पगार, कामाचं नेमकं ठिकाण, पाळी, राहण्या-खाण्याची किंवा बसची सोय, नोकरी कंपनीच्या पटावर की कंत्राटदाराच्या, आणि बाँड आहे का. ‘सीटीसी’, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च, एवढाच आकडा घेऊ नका. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, कँटीन, बस वजा होऊन काय उरतं आणि त्यात चाकणला खोलीभाडं भागतं का, हा हिशेब घरी बसून आई-वडील करतातच. तो आधीच समोर ठेवला, तर जे येणार नाहीत ते अर्जच करणार नाहीत आणि कंपनीचाही वेळ वाचेल.

नोंदणीचा नऊशेचा आकडाही तपासा. वर्गात ‘सगळ्यांनी फॉर्म भरा, हजेरी धरली जाईल’ असं सांगून भरून घेतलेली नोंदणी ही इच्छा नसते. प्रथम आणि द्वितीय वर्षाची मुलं, बाहेरच्या महाविद्यालयांतली मुलं आणि दोनदा फॉर्म भरलेली मुलं वेगळी काढल्यावर आकडा कितीवर येतो ते पाहा. कित्येकदा हजेरीचं प्रमाण तिथेच सुधारलेलं दिसतं.

हे सगळे टप्पे जोडायला एक समान धागा लागतो, आणि तो नाव नव्हे, पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक. नोंदणीत ‘Sneha’ऐवजी कुणी ‘स्नेहा’ लिहितं, आडनाव आधी की नंतर याचा मेळ नसतो, हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. पीआरएन बदलत नाही. मात्र इथे एक्सेलचा एक जुना खड्डा आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे १५ अंकच अचूक ठेवतं. ज्या विद्यापीठाचा पीआरएन १६ अंकी आहे, तिथे शेवटचा अंक शून्य होतो, आणि शेजारशेजारचे दहा विद्यार्थी एकच होऊन बसतात. एकदा फाइल सेव्ह झाली की गेलेला अंक परत मिळत नाही. म्हणून माहिती टाकण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या. सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि त्या रकान्याचा प्रकार टेक्स्ट निवडा. पुढे-मागे राहिलेल्या मोकळ्या जागा ‘ट्रिम’ने काढा, मग ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ चालवा. पाचही याद्या पीआरएनवर जोडल्या की एका पिव्होट टेबलमध्ये (एक्सेलच्या सारांश-तक्त्यात) अभ्यासक्रमानुसार पाच टप्पे दिसतात. बी.कॉम.ची गळती एका ठिकाणी आणि बी.एस्सी.ची दुसऱ्याच ठिकाणी, असं चित्र निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

प्रश्न : दुपारी दोननंतर आमचं पटांगण रिकामं होतं. कंपन्यांचे लोक पाचपर्यंत थांबायला तयार असतात, पण मुलंच नसतात. मुली तर त्याआधीच निघतात. शिस्त कशी लावायची?
– विद्यार्थी विकास अधिकारी, सातारा जिल्हा

उत्तर : हा शिस्तीचा प्रश्न नाही, वेळेच्या हिशेबाचा आहे. तुम्ही येण्याची वेळ नोंदवता, जाण्याची नोंदवत नाही. फाटकावर टोकन परत घेताना त्यावर वेळ लिहायला एक स्वयंसेवक बसवा. नोंदणी फॉर्ममध्ये गाव आणि ‘परतीची शेवटची सोयीची गाडी किती वाजता’ हे दोन रकाने घाला. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की बहुतेक मुलं आपल्या गावच्या एसटीच्या वेळेआधी तासभर निघालेली दिसतील.

मग मुलाखतींची क्षमता मोजा. समजा, १० कंपन्या आणि प्रत्येकीची २ टेबलं, म्हणजे २० टेबलं. एका मुलाखतीला १२ मिनिटं धरली तर एका टेबलावर तासाला ५, सगळी मिळून तासाला १००. हजर मुलं ३०० आणि प्रत्येक जण ३ कंपन्यांकडे जाणार, म्हणजे ९०० मुलाखती. त्याला लागतात ९ तास. उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांची भाषणं आटोपून साडेअकराला मुलाखती सुरू होत असतील, तर हा मेळावा रात्री साडेआठला संपेल. मुलं दोनला जाणारच.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येकाला दोनच कंपन्या निवडू द्या. ९०० च्या ६०० मुलाखती होतात आणि ९ तासांचे ६. लेखी चाचणी किंवा गटचर्चा आदल्या आठवड्यात वर्गातच घ्या. उद्घाटन २० मिनिटांत आटोपा किंवा मुलाखती चालू असताना वेगळ्या सभागृहात करा. टोकनचा क्रम नोंदणीच्या क्रमाने न लावता शेवटच्या गाडीच्या वेळेने लावा. ज्यांची गाडी तीनची त्यांना सकाळी दहाची वेळ, शहरात राहणाऱ्यांना दुपारची. मुलींसाठी वेगळा नियम करायची गरज उरत नाही. गाडीच्या वेळेनेच त्या पुढे येतात.

प्रश्न : कोणत्या कंपन्या बोलवायच्या हे ठरवताना सरकारी अहवालांचा काही उपयोग होतो का? पीएलएफएस, आयशे यांची नावं ऐकतो, पण आमच्या जिल्ह्याला काय लागू होतं ते कळत नाही.
– सहयोगी प्राध्यापक, परभणी

उत्तर : उपयोग होतो, पण कोणता अहवाल कशाला वापरायचा हे ठरवून. उलट्या क्रमाने सुरुवात करा : आधी स्वतःचे आकडे, मग जिल्ह्याचे, मग राज्याचे.

स्वतःचे म्हणजे गेल्या तीन-चार वर्षांत आपली मुलं प्रत्यक्षात कुठे लागली त्याची यादी. कंपनीचं नाव, गाव, पद, आणि एका वर्षानंतर तिथे आहे की नाही. मेळाव्याला दरवर्षी येणारी आणि तीस मुलं ‘निवडून’ जाणारी कंपनी या यादीत एकदाही दिसत नसेल, तर तिला पुन्हा बोलावण्याचं कारण विचारायला हवं. कुणी अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा ‘कागदपत्र पडताळणी’च्या नावाखाली पैसे मागितले का, हा प्रश्नही मेळाव्यानंतरच्या फॉर्ममध्ये असलाच पाहिजे. एकाही विद्यार्थ्याने ‘हो’ लिहिलं, तर त्या कंपनीचं निमंत्रण चौकशी होईपर्यंत थांबवा.

जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, जिल्हा उद्योग केंद्र आणि जवळच्या एमआयडीसीतली उद्योजकांची संघटना, या तीन ठिकाणी जा. महास्वयंम् पोर्टलवर जिल्ह्यातल्या मेळाव्यांत जाहीर झालेली रिक्त पदं पाहायला मिळतात. पदवीधर आणि पदविकाधारकांच्या शिकाऊ उमेदवारीसाठी केंद्राची ‘नॅट्स’ योजना आहे. तिच्या पोर्टलवरच्या आस्थापना तपासा. पूर्ण नोकरी द्यायला कचरणारी छोटी कंपनी शिकाऊ उमेदवार घ्यायला पुष्कळदा तयार असते.

आता पीएलएफएस, म्हणजे श्रमशक्तीचं नियमित सर्वेक्षण. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ते एप्रिल २०१७ पासून करत आहे. पदवीधरांमध्ये काम करणाऱ्यांचं प्रमाण किती, बेरोजगारी किती, नियमित पगारी किती आणि स्वयंरोजगारात किती, याचं राज्याचं चित्र त्यातून मिळतं. परभणीचं किंवा तुमच्या तालुक्याचं चित्र म्हणून ते वापरू नका. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, जो काम करत नाही, शोधतही नाही आणि कामासाठी उपलब्धही नाही, तो श्रमशक्तीतच धरला जात नाही, म्हणजे बेरोजगारीच्या दरात तो येत नाही. अभ्यासिकेत बसून दोन वर्षं फक्त एमपीएससीची तयारी करणारा मुलगा कुठे मोजला जाईल याचा विचार करा, म्हणजे राज्याचा दर आणि तुमच्या वर्गातलं चित्र का जुळत नाही ते उमगेल. दोन, जानेवारी २०२५ पासून या सर्वेक्षणाची रचना बदलली आणि मासिक आकडे यायला लागले. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच रेघेत जोडून ‘वाढ’ किंवा ‘घट’ दाखवू नका.

आयशे हे उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण. त्याची माहिती तुमचंच महाविद्यालय भरून देतं. नोकऱ्यांबद्दल ते काही सांगत नाही. त्याचा उपयोग पटसंख्येसाठी : कोणत्या शाखेत किती विद्यार्थी, मुलामुलींचं प्रमाण काय. ते उशिरा येतं. २०२१-२२ चा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. कंपनीला ‘आमच्याकडे आणि शेजारच्या चार महाविद्यालयांत मिळून रसायनशास्त्राचे इतके अंतिम वर्षाचे विद्यार्थी आहेत’ असं सांगायचं असेल, तर त्या महाविद्यालयांकडून चालू वर्षाचा आकडा फोन करून घ्या. एकेकट्या महाविद्यालयाला नाही म्हणणारी कंपनी पाचही महाविद्यालयांच्या एकत्र मेळाव्याला येते.

प्रश्न : मेळाव्यासाठी योग्य महिना कोणता?
– टीपीओ (प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी), रत्नागिरी

उत्तर : एका कागदावर विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या तारखा, प्रात्यक्षिक परीक्षा, गणपती आणि दिवाळीच्या सुट्या, शिमगा, तसंच एमपीएससी आणि बँक भरती परीक्षा घेणारी आयबीपीएस यांनी जाहीर केलेलं वर्षाचं वेळापत्रक मांडा. कोकणात गणपतीच्या मागचा-पुढचा आठवडा सोडूनच द्या. जे दिवस उरतात ते फार थोडे असतात, आणि फेब्रुवारीचा शेवट प्रात्यक्षिकांमुळे बहुधा त्यांत नसतो. डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा तपासून पाहा. शिवाय मागच्या वर्षी निवड झालेल्यांना कंपनीने कधी रुजू व्हायला सांगितलं ते बघा. निकाल लागण्याआधी रुजू करून घेणारी आणि गुणपत्रिका मागणारी कंपनी वेगवेगळ्या तारखांना बोलवावी लागते.

प्रश्न : आम्ही फ्लेक्स लावतो, इन्स्टाग्रामवर रील टाकतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर मेसेज सोडतो. यातलं काय चालतं हे कसं ओळखायचं? प्रत्येक जण म्हणतो, माझ्यामुळे मुलं आली.
– प्लेसमेंट सेल, कोल्हापूर

उत्तर : याचं उत्तर फुकटात मिळतं. गुगल फॉर्ममध्ये ‘माहिती कुठून कळली’ असा एक रकाना ठेवा, पण तो मुलांकडून भरून घेऊ नका. आठवत नाही म्हणून मुलं पहिला पर्याय ठोकतात. फॉर्मच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत फॉर्म आधीच भरून त्याची लिंक घेण्याचा (‘प्री-फिल’) पर्याय असतो. तिथे त्या रकान्यात ‘फ्लेक्स-फाटक’ असं भरून एक लिंक घ्या, ‘बीकॉम-ग्रुप’ भरून दुसरी, ‘वाचनालय’ भरून तिसरी, ‘इन्स्टा’ भरून चौथी. फॉर्म एकच, लिंका चार. फ्लेक्ससाठी त्या लिंकचा क्यूआर कोड करा आणि तो छापण्याआधी साध्या, स्वस्त फोनवर तीन-चार पावलांवरून वाचला जातो का ते पाहा. फाटकावरच्या फ्लेक्सवर पाच सेंटिमीटरचा कोड छापून काही उपयोग नाही.

नोंदणी झाली की कुठून किती आले ते आपोआप रकान्यात दिसतं. पण इथे थांबू नका. त्याच पीआरएनवर हजेरी जोडा. इन्स्टाग्रामवरून २०० नोंदण्या आणि ३० हजर, वर्गशिक्षकांच्या ग्रुपवरून ९० नोंदण्या आणि ६५ हजर, असं निघालं तर पुढच्या वर्षी कशावर वेळ घालवायचा ते स्पष्ट आहे. नोंदणीच्या आकड्यावरून प्रसिद्धीचं यश मोजलं, की सगळा पैसा आणि मेहनत चुकीच्या जागी जाते.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ च जणं बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. सेलचा नवा नंबर घेऊन यादी केली आणि मुलांनी तो साठवलाच नाही, तर मेसेज जातो पण पोचत नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच नंबर साठवून घ्या.

मजकुराकडेही बघा. सर्रास जाणारा मेसेज असा असतो : ‘भव्य रोजगार मेळावा! नामांकित कंपन्यांचा सहभाग! सुवर्णसंधी! जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहून लाभ घ्यावा.’ यात वाचणाऱ्याला स्वतःसाठी काही सापडत नाही. कंपन्यांनी भरून दिलेल्या फॉर्ममधून अभ्यासक्रमानुसार जागा काढा आणि प्रत्येक वर्गाला त्याचा मेसेज पाठवा : ‘बी.कॉम. तृतीय वर्ष – शनिवारी सकाळी १०, खोली १२. लेखा सहायकाच्या ८ जागा, काम सिन्नरला, सकाळची पाळी. टॅली यायला हवं, अनुभव नसला तरी चालेल. हातात येणारा पगार आणि आणायची कागदपत्रं लिंकमध्ये. नोंदणी बुधवारपर्यंत.’ हा मेसेज लांब आहे, तरी वाचला जातो, कारण त्यात वर्गाचं नाव, जागा, गाव आणि अट आहे.

दोन मजकुरांची तुलना करायची असेल, तर एकाच वर्गाच्या दोन तुकड्या घ्या, दोन्हींना एकाच दिवशी एकाच वेळी पाठवा. एका तुकडीतल्या ६० पैकी १४ आणि दुसऱ्या तुकडीतल्या ६० पैकी १७ मुलांनी नोंदणी केली, तर दोन्ही सारखेच समजा. तीन मुलांचा फरक योगायोगानेही पडतो. ६० पैकी १४ आणि ३१ असा फरक आला तर दुसरा मजकूर निर्धास्त वापरा.

आदल्या संध्याकाळी टोकन क्रमांकासह एक आठवण पाठवा आणि ‘येतोय’ किंवा ‘जमत नाही’ एवढंच उत्तर मागा. ‘जमत नाही’ म्हणणाऱ्यांच्या जागी प्रतीक्षा यादीतली मुलं घेता येतात, आणि न येण्याची कारणंही तिथेच कळतात.

प्रश्न : प्रवेशाच्या काळात ‘१०० टक्के प्लेसमेंट’ आणि सर्वोच्च पॅकेजचा फलक लावायचा आग्रह व्यवस्थापनाकडून होतो. काय करावं?
– नाव न छापण्याच्या विनंतीवरून, पुणे जिल्हा

उत्तर : शंभर टक्के कशाचे, हे आधी विचारा. उत्तीर्ण झालेले, नोंदणी केलेले, कंपनीच्या अटीत बसलेले आणि मुलाखतीला बसलेले, हे चार वेगळे छेद आहेत. छेद जितका लहान, तितके टक्के मोठे दिसतात. जाहिरातींच्या स्वनियमनासाठी असलेल्या ‘अ‍ॅस्की’ या संस्थेच्या शिक्षणविषयक नियमांनुसार, नोकरी लागलेल्यांची संख्या जाहिरातीत दिली तर त्या तुकडीतून उत्तीर्ण झालेल्यांची एकूण संख्याही द्यावी लागते. हा नियम व्यवस्थापनाला दाखवा.

दुसरी अडचण अशी की एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारी संस्था उत्तीर्ण, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि मध्यक पगार हे आकडे वर्षवार देते आणि ते संस्थेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुले असतात. फलकावर एक आणि संकेतस्थळावर दुसरं, हे पालकाला पाच मिनिटांत कळतं. फलकावर मध्यक पगार लिहा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. पाच जणांचे पगार महिना १२, १३, १४, १५ आणि ९६ हजार असतील तर सरासरी ३० हजार निघते, जी पाचांपैकी कुणालाच मिळत नाही. मध्यक १४ हजार निघतो, आणि प्रवेश घेणाऱ्या मुलाने तोच धरून चालावं. मुलाच्या तीन वर्षांचा प्रश्न असतो. आकडा खराच हवा.

प्रश्न : पदवी घेऊन गेलेली मुलं फॉर्म भरत नाहीत. निम्म्यांचाच पत्ता लागतो. अशा अपुऱ्या माहितीवर अहवाल करावा का?
– ग्रंथपाल आणि माजी विद्यार्थी समितीच्या सदस्य, अमरावती

उत्तर : करावा, पण अपुरेपणा आकड्यात दाखवून. समजा, २०० उत्तीर्ण झाले, ११० जणांनी उत्तर दिलं, त्यातले ६६ नोकरीत आहेत. ‘६० टक्के नोकरीत’ असं लिहिलं जातं. वास्तविक उरलेल्या ९० जणांचं तुम्हाला काहीच माहीत नाही. ते सगळे नोकरीविना असतील तर प्रमाण ३३ टक्के, सगळे नोकरीत असतील तर ७८. खरा आकडा या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे आणि तो बहुधा ६० पेक्षा कमी असतो, कारण ज्याला नोकरी लागली तो उत्साहाने फॉर्म भरतो. ज्याला लागली नाही तो महाविद्यालयाचा मेसेज उघडायचंही टाळतो.

ब्रिटनमध्ये असं सर्वेक्षण पदवीनंतर साधारण १५ महिन्यांनी होतं. अमेरिकेत सहा महिन्यांपर्यंतची स्थिती विचारतात, आणि तिथल्या ‘नेस’ या संघटनेची किमान ६५ टक्के पदवीधरांची माहिती हाती असावी अशी अपेक्षा असते. तिथे फक्त फॉर्मवर विसंबत नाहीत; प्राध्यापकांना ठाऊक असलेलं, नोकरदात्याने कळवलेलं, सगळं जोडतात. आपल्याकडे तर सोय आणखी चांगली आहे. मूल गुणपत्रिका, टीसी, पदवी प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र घ्यायला कार्यालयात येतंच. त्या खिडकीवर पाच प्रश्नांचा छापील कागद ठेवा. तो सक्तीचा नको, प्रमाणपत्र अडवून तर मुळीच नको. जे येत नाहीत त्यांना त्यांच्याच तुकडीतल्या विद्यार्थ्याने फोन करावा. कार्यालयाच्या नंबरपेक्षा मित्राचा फोन उचलला जातो.

पर्यायांमध्ये ‘नोकरी’ आणि ‘बेरोजगार’ एवढंच ठेवू नका. पूर्णवेळ नोकरी, अर्धवेळ, शिकाऊ उमेदवारी, घरची शेती किंवा व्यवसाय, पुढील शिक्षण, स्पर्धा परीक्षेची तयारी, नोकरीच्या शोधात, सध्या शोधत नाही, असे आठ पर्याय द्या. तुमच्याकडे स्पर्धा परीक्षेचा रकाना मोठा निघाला, तर पुढच्या वर्षी एक मेळावा कमी करून, तयारी थांबवून नोकरीकडे वळलेल्या माजी विद्यार्थ्यांचं सत्र ठेवा. अशा सत्राची गरज कंपन्यांच्या यादीतून कधीच दिसली नसती.

प्रश्न : आमच्या विभागात १४ विद्यार्थी. दोघांना नोकरी लागली की १४ टक्के, तिघांना लागली की २१. यावरून ‘प्रगती’ दाखवायची का?
– विभागप्रमुख, भाषा विभाग, सोलापूर

उत्तर : नको. तीसपेक्षा कमी विद्यार्थी असतील तिथे टक्के लिहूच नका, ‘१४ पैकी ३’ असं लिहा आणि तीन वर्षांची बेरीज द्या. शिवाय इतक्या लहान गटाचे पगार जाहीर केले, तर कुणाचा किती हे गावाला कळतं.

प्रश्न : कंपन्या मेळाव्याआधी सगळ्या विद्यार्थ्यांची एक्सेल फाइल मागतात. फोन, पत्ता, आधार क्रमांक, जातप्रवर्गसुद्धा. द्यावी का?
– प्लेसमेंट समन्वयक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सरसकट फाइल देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्व सरळ आहे : माहिती ज्या कामासाठी आणि ज्या संमतीने घेतली त्याच कामापुरती वापरायची. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. प्रवेशासाठी घेतलेली माहिती नोकरीसाठी परस्पर पाठवणं त्यात बसत नाही. अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्यासाठी पालकांची संमती लागते. पदविकेचा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा आणि पदवीच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थी बऱ्याचदा अठराच्या आतलाच असतो, हे विसरू नका.

व्यवहारात असं करा. पहिल्या टप्प्यात कंपनीला फक्त आकडेवारी द्या : कोणत्या अभ्यासक्रमाचे किती, गुणांच्या गटानुसार किती, कोणती कौशल्यं असलेले किती. तेवढ्यावर तिला यायचं की नाही ते ठरवता येतं. दुसऱ्या टप्प्यात, ज्या विद्यार्थ्याने ती कंपनी निवडली त्याचंच नाव, अभ्यासक्रम, गुण आणि कौशल्यं. फोन क्रमांक निवड यादी लागल्यावर. आधार आणि जातप्रवर्ग मेळाव्याच्या टप्प्यावर कोणालाही नाही. फाइल ई-मेलने जोडून पाठवू नका. एकदा गेली की ती कुठल्या कोचिंग क्लासच्या किंवा कर्जवाल्याच्या हाती लागते सांगता येत नाही. त्या कंपनीच्या व्यक्तीलाच उघडता येईल अशी, डाउनलोड बंद केलेली लिंक द्या आणि मेळाव्यानंतर महिन्याभराने बंद करा.

संमतीची सूचना विद्यार्थ्याला मराठीतही वाचता यायला हवी. नोंदणी फॉर्मवर पुढील मजकूर आणि त्याखाली कोरी चौकट ठेवा. चौकटीत आधीच खूण करून ठेवू नका : ‘मी निवडलेल्या कंपन्यांना माझं नाव, अभ्यासक्रम, गुण आणि कौशल्यं, आणि निवड यादीत नाव आल्यास माझा फोन क्रमांक, या मेळाव्यातील भरतीपुरता देण्यास माझी संमती आहे. ती मी प्लेसमेंट सेलला कळवून केव्हाही मागे घेऊ शकतो/शकते.’ खाली सेलचा फोन, ई-मेल आणि कार्यालयाची वेळ छापा.